फळाच्या दिवसांचा जमाखर्च : आंबा जहाजाने धाडावा की विमानाने?

आपल्या बागेतील फळास दूरदेशीचे गिऱ्हाईक मिळावे, ही इच्छा कोकणातील प्रत्येक बागायतदाराच्या मनात असते. परंतु ते गिऱ्हाईक आणि आपले झाड यांच्यामध्ये जो प्रवास आहे, त्याचा विचार आपण बहुधा अडत्यावर सोपवून मोकळे होतो. फळ पेटीत भरले, गाडीवर चढविले आणि वाशीच्या बाजाराकडे रवाना केले की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत पडून गेली आहे. पुढील प्रवास जहाजाने व्हावा की विमानाने, हा प्रश्न व्यापाऱ्याचा, आपला नव्हे, असेही आपण मानतो. वास्तविक या प्रश्नाचा अर्धाअधिक निकाल झाडाखालीच लागलेला असतो. तो कसा, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रायगड जिल्ह्यास या विषयाचे अगत्य इतरांहून अधिक असले पाहिजे. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, आणि २०२४-२५ या वर्षात त्या बंदरातून वीस फुटी मापाच्या सुमारे ७३ लाख कंटेनरांइतकी ने-आण झाली. पनवेलजवळील नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी होऊन २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. म्हणजे समुद्राचा व आकाशाचा असे दोन्ही दरवाजे आज एकाच जिल्ह्यात आहेत. हे दरवाजे ज्या भूमीवर उभे राहिले, ती उरण-पनवेलची भातखाचरे व मिठागरे होती. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याकरिता दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जे आंदोलन झाले, त्यात गोळीबारात पाच जणांस प्राण गमवावे लागले. जमिनीची एवढी किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्याच जिल्ह्यातील बागायतदारास त्या दरवाजातून आपला माल कसा जातो हे ठाऊक नसावे, ही गोष्ट भूषणावह नाही.

या किनाऱ्याचा जुना अनुभव

समुद्रावरून माल येणे-जाणे आपल्या किनाऱ्यास नवे नाही. अलिबाग तालुक्यातील चौल हे एके काळी मोठे बंदर होते. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी इ. स. १४६९ च्या सुमारास होर्मुझकडून एक घोडा घेऊन याच बंदरी उतरला. आपल्याकडे घोड्यांस चांगली किंमत येते, असे त्याने ऐकले होते. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला व पुष्कळ खटपटीनंतर परत दिला. बीदरच्या बाजारी विकला जाईपर्यंत त्यास सुमारे वर्षभर पोसावे लागले. जहाजाचे भाडे एकदाच द्यावे लागते. परंतु माल वाटेत अडून राहिला म्हणजे त्याचा चारा रोज घालावा लागतो, हा धडा त्या प्रवाशाने या किनाऱ्यावर साडेपाचशे वर्षांपूर्वी घेतला. आंब्याच्या बाबतीत हा चारा दिवसांच्या रूपाने जातो. घोडा निदान वर्षभर तग धरतो. आंब्यास ती सवड नाही.

फळ म्हणजे दिवसांची ठेव

झाडावरून उतरविलेला हापूस हे जिवंत फळ असते. ते श्वास घेते, उष्णता सोडते आणि इथिलीन नावाचा वायू निर्माण करते. या वायूमुळे ते स्वतः पिकते व शेजारच्या फळासही पिकविते. वैशाखाच्या नेहमीच्या उकाड्यात चांगले तयार झालेले फळ साधारणपणे आठ ते बारा दिवसांत पिकते. हे दिवस म्हणजे आपल्या हाती असलेली ठेव होय. प्रवासाचा, प्रक्रियेचा, तपासणीचा आणि प्रतीक्षेचा प्रत्येक दिवस या ठेवीतून वजा होतो, व जे उरेल तेवढ्यातच परदेशच्या दुकानदाराने माल विकावयाचा असतो.

ही ठेव थंडाव्याने वाढविता येते, परंतु मर्यादेपर्यंतच. हापूस १३ अंश सेल्सिअसच्या आसपास व हवेतील दमटपणा शेकडा ८५ ते ९० ठेवल्यास सुमारे तीन आठवडे चांगला टिकतो. त्याहून फार खाली उष्णता नेली तर फळास थंडी बाधते. साल काळपट पडते, फळ नीट पिकत नाही व त्याचा स्वाद जातो. म्हणून बटाट्याच्या किंवा सफरचंदाच्या शीतगृहात आंबा ठेवणे म्हणजे त्याचा घात करणे आहे. आतील हवेत प्राणवायू शेकडा तीन ते पाच व कर्बवायू शेकडा पाच ते दहा इतका राखणारे खास कंटेनरही असतात. त्यांत फळाचा श्वास मंदावतो व आणखी काही दिवस पदरात पडतात.

दुसरा उपाय आपल्या हातचा आहे, तो म्हणजे काढणीची वेळ. आपल्याकडे फळाची तयारी आण्यांत मोजण्याची चाल आहे, ती येथे फार उपयोगी पडते. जवळच्या बाजारासाठी किंवा विमानाने जाणाऱ्या मालासाठी चौदा आणे तयार फळ योग्य; लांबच्या समुद्रप्रवासासाठी सुमारे तेरा आणे तयार झालेले फळ घ्यावे. बारा आण्यांच्या आत उतरविलेले फळ टिकते खरे, पण ते सुरकुतते व त्यास गोडी भरत नाही. उलट झाडावर अधिक मुरू दिलेल्या फळात साक्याचे प्रमाण वाढते, आणि साका बाहेरून दिसत नसल्यामुळे त्याची तक्रार गिऱ्हाइकाने फळ कापल्यावर येते. शंका असेल तेव्हा फळ पाण्यात टाकून पाहावे. तयार फळ बुडते, कोवळे तरंगते. काढणी देठासह, नूतन झेल्याने, सकाळच्या गारव्यात अथवा ऊन उतरल्यावर करावी. देठ तुटून चीक सालीवर ओघळला की डाग पडतो, व त्या डागातून पुढे कुजण्यास आरंभ होतो. फळ उन्हात तापत ठेवलेले चार तास नंतरच्या थंडाव्याने भरून निघत नाहीत.

विमानाचा हिशेब

पहिल्या दिवशी काढणी व निवड, दुसऱ्या दिवशी वाशीच्या प्रक्रियाकेंद्रात धुणे, औष्णिक प्रक्रिया अथवा विकिरण व भरणी, तिसऱ्या दिवशी जकात खात्याची तपासणी व विमान, चौथ्या दिवशी परदेशी उतरणे, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी दुकान. सर्व सुरळीत पार पडले तर ठेवीतील अर्धे दिवस खर्ची पडतात व अर्धे विक्रीसाठी उरतात. विमानाचा लाभ तो हाच. याची किंमत मात्र जबर असते. विमानाचे दर किलोचे भाडे जहाजाच्या कित्येक पट पडते.

विमानाचे भाडे आकारताना वजन व आकारमान या दोहोंपैकी जे जास्त भरेल ते धरतात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार करावा व त्यास ६,००० ने भागावे. जे उत्तर येईल तितके किलो आकारमानाचे वजन समजतात. उदाहरणार्थ, ३८ × २८ × ११ सेंटिमीटर मापाच्या खोक्याचे उत्तर १.९५ येते. त्यात फळासह तीन किलोंहून अधिक वजन असल्यामुळे भाडे खऱ्या वजनावर पडेल. आंबा हा जड माल असल्याने येथे तोटा नाही. परंतु खोक्यात निष्कारण मोकळी जागा सोडून त्याचे माप दुप्पट केले, तर आपण हवेचे भाडे भरू लागतो.

विमानमार्गाचा दुसरा धोका असा की आंबा बहुधा प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. मार्च २०२० च्या अखेरीस साथीमुळे आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद झाली, व ती नेमकी हापूसच्या हंगामाच्या तोंडावर. ज्यांचा सर्व भरवसा एकाच मार्गावर होता, त्यांची त्या वर्षी मोठी अडचण झाली.

जहाजाचा हिशेब

जहाजाचा विचार करताना जवळचा देश व लांबचा देश यांत भेद केला पाहिजे. दुबईकडे जावयाचे तर काढणी, प्रक्रिया, बंदरावरील भरणी, चार ते सहा दिवसांचा समुद्रप्रवास व तेथील सोडवणूक मिळून दहा-बारा दिवस लागतात. १३ अंशांच्या कंटेनरात हापूस हा पल्ला सहज गाठतो. आखाती देशांसाठी जहाज हा व्यवहार्य मार्ग आहे, यात संशय नाही.

युरोपचा पल्ला निराळा. सुएझ कालव्यातून गेले तरी घरापासून दुकानापर्यंत तीन आठवड्यांहून अधिक काळ जातो, म्हणजे ठेव जवळजवळ संपते. त्यात मार्गाची अनिश्चितता. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे डिसेंबर २०२३ पासून अनेक जहाज कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून नेण्यास आरंभ केला, व त्या वळशाने प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. लोखंड किंवा कापड असे दिवस सोसू शकते, आंबा सोसू शकत नाही. यास्तव जहाजाचा करार करण्यापूर्वी ‘किती दिवस’ एवढेच न विचारता ‘कोणत्या वाटेने आणि मध्ये किती बंदरांवर थांबून’ हेही विचारावे.

तथापि लांबचा पल्ला अशक्यच आहे असे नाही. जून २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या खटपटीने केशर आंब्याच्या ५,५२० पेट्या, म्हणजे १६,५६० किलो माल, वाशी येथे विकिरण करून न्हावा-शेवाहून समुद्रमार्गे अमेरिकेस धाडण्यात आला, व सुमारे पंचवीस दिवसांनी तो तेथील पूर्व किनाऱ्यास चांगल्या स्थितीत पोचला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राचे साहाय्य त्यामागे होते. केशर व हापूस यांच्या प्रकृतीत फरक आहे, म्हणून हा दाखला हापूसला जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. परंतु शिस्त पाळली तर दिवस वाढविता येतात, एवढे त्यावरून सिद्ध होते.

एक पेटी आणि एक कंटेनर

याच दाखल्यात आमच्या सभासदांसाठी मुख्य बोध आहे. ५,५२० पेट्या, दर पेटीत तीन किलो. हापूसचे फळ अडीचशे ग्रॅमचे धरले तर पेटीत एक डझन फळ बसते. म्हणजे एक कंटेनर भरण्यास ५,५२० डझन, अर्थात ६६,२४० फळे लागतात. आणि तीही एकाच जोखाची, एकाच तयारीची, दोन-तीन दिवसांत उतरविलेली. कंटेनरात चौदा आण्यांची फळे तेरा आण्यांच्या शेजारी ठेवली, तर पुढे पिकणारी मागच्यांस इथिलीनने पिकवून टाकतात व सर्व पेट्यांचे आयुष्य सर्वांत आधी पिकणाऱ्या फळाइतके होते.

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड अथवा अलिबाग तालुक्यातील सामान्य बागेस हे एकट्याने साधणारे नाही. एकटा बागायतदार शंभर-दोनशे पेट्या विमानाने धाडू शकेल; कंटेनर भरणे हे संघाचेच काम आहे. जहाज स्वस्त आहे हे खरे, परंतु ते स्वस्त आहे एकजुटीने वागणाऱ्यांस. ज्याच्या-त्याच्या मर्जीप्रमाणे फळ उतरविणाऱ्या पन्नास जणांस ते विमानाहून महाग पडेल.

कीड व कागद

परदेशचे सरकार आपल्या फळाबरोबर फळमाशी येऊ नये म्हणून दक्ष असते. अमेरिकेने २००७ साली आपल्या आंब्यास दार उघडले ते ४०० ग्रे मात्रेच्या विकिरणाच्या अटीवर. जपानने २००६ साली बंदी उठविली ती ४७.५ अंशांची बाष्पउष्णता फळाच्या गाभ्यास वीस मिनिटे देण्याच्या अटीवर. युरोपीय संघास २०१३ साली भारताच्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड आढळली, आणि १ मे २०१४ पासून आंब्यासह कारले, पडवळ, वांगे व अळू यांवर बंदी आली. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली, पण हापूसचा एक अख्खा हंगाम हातचा गेला. बंदी येताना ती निष्काळजी बागेपुरती येत नाही, सर्व देशावर येते. आपल्या जिल्ह्याचा आंबा दक्षिण कोकणाच्या मागून, मे महिन्यात भराला येतो व त्याच वेळी फळमाशीचा जोर वाढतो. म्हणून गळलेली फळे वेचून पुरणे व माशीचे सापळे टांगणे ही कामे आपणांस इतरांहून अधिक आवश्यक आहेत.

कागदपत्रांकडेही तितक्याच दक्षतेने पाहावे. बागेची ‘मँगोनेट’मध्ये नोंदणी, निर्यातदाराचा परवाना क्रमांक, वनस्पती-आरोग्याचा दाखला, प्रक्रियेचा दाखला व जकातीचे शिपिंग बिल यांतील बागेचा क्रमांक, पेट्यांची संख्या आणि तारखा अक्षरशः जुळल्या पाहिजेत. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण केलेल्या आंब्याच्या किमान पंधरा खेपा प्रक्रियेच्या कागदांतील विसंगतीमुळे अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. परत आणण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून माल तेथेच नष्ट करावा लागला. विमानाने वाचविलेले सारे दिवस एका कागदाने गिळले.

पैसा व मालाचा ताबा

जहाज कंपनी मालाची जी पावती देते तिला बिल ऑफ लेडिंग म्हणतात. ती हस्तांतरणीय रीतीने करून घेतली असेल तर मूळ कागद ज्याच्या हाती, माल त्याचा. म्हणून विकणारा ती बँकेमार्फत धाडून पैसे मिळेपर्यंत ताबा राखू शकतो. विमानाच्या पावतीस, म्हणजे एअर वे-बिलास, हा गुण नाही. तिच्यावर ज्याचे नाव लिहिले असेल त्यास माल मिळतो, पैसे दिलेले असोत वा नसोत. यास्तव विमानाने धाडावयाच्या मालाचे पैसे आगाऊ घ्यावे, किंवा बँकेची हमी घ्यावी.

कराराच्या शब्दांकडेही लक्ष असावे. ‘एफओबी’ म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च व धोका विकणाऱ्याचा. ‘सीआयएफ’ म्हणजे पुढील बंदरापर्यंतचे भाडे व विमाही विकणाऱ्याने भरावयाचा; परंतु धोका मात्र तेथेही माल जहाजावर चढताच घेणाऱ्याकडे जातो. हे न कळल्यामुळे वाटेतील नुकसानीवरून तंटे होतात. ‘विकेल त्या भावाने’ या कमिशनच्या बोलीवर नाशवंत माल परदेशी धाडणे शक्य तो टाळावे, कारण फळ खरोखर सडले की सडल्याचे सांगितले, हे आपणांस हजारो मैलांवरून कळत नाही.

येणाऱ्या मालाचा न्याय

हाच हिशेब परदेशातून आणावयाच्या मालासही लागू आहे. कोकणातून नेलेल्या काड्यांवर आफ्रिकेतील मलावी देशात हापूसची लागवड झाली, व त्या बागांचे फळ २०१८ पासून नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास विमानाने वाशीच्या बाजारी येऊ लागले. एवढे भाडे भरूनही ते परवडते, कारण त्या वेळी बाजारात आपला हापूस नसतो. विमान केव्हा परवडते याचे याहून सोपे उदाहरण नाही. जेव्हा बाजार रिकामा आहे तेव्हाच दिवस विकत घ्यावे.

संघाने निवड-यंत्र किंवा अवजार मागविले तर घाई नसल्यामुळे जहाज बरे. पण आयातीची जकात भाडे व विमा धरून येणाऱ्या किमतीवर बसते, हे ध्यानात ठेवावे. विमानाने आणलेल्या मालाच्या बाबतीत किमतीत धरावयाचे भाडे मूळ किमतीच्या शेकडा वीस या मर्यादेत ठेवतात. लाकडी खोक्यावर ५६ अंशांची उष्णता तीस मिनिटे दिल्याची किंवा धुरी दिल्याची खूण नसेल तर खोका अडतो. कलमे, बी अथवा रोपे आणावयाची तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे ठरलेल्या अटी व परवाने यांची पूर्तता माल निघण्यापूर्वीच करावी. बंदरावर ठरावीक मोफत दिवस उलटले की दररोज भाडे चढते, व निकितीनच्या घोड्याप्रमाणे आपले यंत्र उभ्या-उभ्या चारा खाऊ लागते.

येत्या हंगामासाठी

या सर्वांचा इत्यर्थ असा. आखाती देशांसाठी संघाने जहाज धरावे. युरोप, अमेरिका व जपान यांसाठी हापूस विमानानेच धाडावा. व दूरच्या समुद्रप्रवासाचा प्रयोग करावयाचा तर तो पणन मंडळ व दापोलीचे कृषी विद्यापीठ यांच्या सल्ल्याने, एका कंटेनरापासून आरंभावा. परंतु त्याआधी प्रत्येक सभासदाने या हंगामात एक साधी वही घालावी. झाडांचा गट, मोहोर धरल्याचा दिवस, काढणीचा दिवस व तास, फळ किती आणे तयार होते, सावलीत पोचण्यास किती वेळ लागला, आणि आढीत ते कितव्या दिवशी पिकले, एवढ्या नोंदी पुरेत. अशा पन्नास वह्या एकत्र आल्या म्हणजे कोणत्या गावचे फळ कोणत्या आठवड्यात किती दिवस टिकते, हे संघास कळेल, व कंटेनर भरताना एका जातीचे, एका जोखाचे व एका तयारीचे फळ कोठून घ्यावे याचा निर्णय अंदाजाने न होता आकड्यांनी होईल. व्यापारी आज आपणांस भाव सांगतो, कारण दिवसांचा हिशेब त्याच्या हाती आहे. तो आपल्या वहीत आला, म्हणजे भाव सांगण्याची पाळी आपली येईल.